डॉफ : टोपी काढणारं क्रियापद गेलं कुठे?

जुनापाना

इंग्रजीत झाकलेलं उघडं करण्यासाठी क्रियापदांची कमतरता नाही. जमिनीखालचं उकरायचं असेल तर वेगळं, पुतळ्यावरचं फडकं ओढायचं असेल तर वेगळं, गुपित फोडायचं असेल तर आणखी वेगळं. यांतलं एक मात्र अगदी अंग चोरून बसलेलं आहे: डॉफ. डी, ओ आणि दोन एफ. अर्थ: अंगावरचं किंवा डोक्यावरचं काढणे, विशेषतः कोणाला मान देण्यासाठी टोपी काढणे. शब्दकोडी सोडवणाऱ्यांची आणि त्याची ओळख असते. बाकीच्यांना, अगदी इंग्रजी माध्यमवाल्यांनाही, विचारून बघा. दहातले आठ जण 'डफ' म्हणतील आणि शाहिराकडे बघतील.

शब्दाचं मूळ सोपं आहे. 'डू' आणि 'ऑफ' घाईघाईत म्हणा, झालं डॉफ. त्या काळी 'डू' म्हणजे नुसतं करणे नव्हे, ठेवणे किंवा घालणे असाही अर्थ होता. म्हणून 'डू ऑफ' म्हणजे बाजूला ठेवणे, काढणे. 'डू ऑन' म्हणजे अंगावर घालणे, त्याचं झालं डॉन (डोंगरीतला नव्हे). आणखी दोन भावंडं होती. 'डू आउट'चं डाउट, म्हणजे दिवा किंवा विस्तव विझवणे. ते आता इंग्लंडातल्या बोलींपुरतं उरलंय. 'डू अप'चं डप, म्हणजे दार उघडणे. हॅम्लेटमध्ये वेड लागलेली ऑफिलिया जे गाणं म्हणते त्यात खोलीचं दार 'डप' केल्याची ओळ आहे. ते मात्र मेलं ते मेलंच.

शेक्सपिअरकडे डॉफ बऱ्यापैकी आहे. सज्जातली ज्युलिएट रोमिओला सांगते, तुझं नाव डॉफ कर. म्हणजे अंगरखा उतरवावा तसं आडनाव उतरवून ठेव. किंग जॉनमध्ये तर एक बाई भर सभेत एका सरदाराला सुनावते की सिंहाचं कातडं पांघरलंयस ते लाज असेल तर डॉफ कर आणि वासराचं पांघर. म्हणजे शब्द शिष्टाचाराचा, पण वापर थेट कपडे उतरवण्याचा.

आणि मग दीडशे वर्षांत शब्दाची रया गेली. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश काढला, त्यात या शब्दाखाली शेरा मारलाय की हा सर्वच अर्थांनी कालबाह्य असून खेडवळांखेरीज फारसं कोणी वापरत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटसारख्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी जुने शब्द झटकून बाहेर काढले, त्यात डॉन-डॉफची जोडीही पुन्हा छापील इंग्रजीत आली.

माझा मुद्दा एवढाच की जॉन्सनला हा शब्द मेलेला वाटला, कारण तो बघत होता पुस्तकांत आणि दिवाणखान्यांत. खेडवळांनी तो सोडला नव्हताच. कोणाला हा शब्द पुस्तकाबाहेर, खऱ्या वापरात भेटलाय का?

---

सह्याद्रीचा_वारा

यात इंग्रजांचं काय कौतुक? डॉफ म्हणजे सरळसरळ आपलं 'दफा'. दफा करणे, दूर करणे. सगळं इकडूनच गेलंय.

---

खडूफळा

@वारा, दफा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. तो 'इकडचा'सुद्धा नाही. तुमच्याच गोलपोस्टात गोल.

---

शब्दखोर

वाऱ्याचं लगेच दफन करू नका (हाही अरबीच). नातं खरंच आहे, फक्त त्यांनी दार चुकीचं ठोठावलंय.

आवाज सारखा म्हणून शब्द सारखे, हा खेळ चहाच्या टपरीवर ठीक. सख्खे-चुलत ठरवायचे तर ध्वनी नेमाने बदलताना दिसले पाहिजेत. याकोब ग्रिमने, तेच ते परीकथा गोळा करणाऱ्या भावांतले थोरले, १८२२ मध्ये हा नेम मांडला. संस्कृतात जिथे ध असतो तिथे इंग्रजीत बहुधा ड भेटतो: मधु आणि मीड (मधाची दारू), विधवा आणि विडो, मध्य आणि मिड, रुधिर आणि रेड. संस्कृत प च्या जागी इंग्रजी फ: पितृ-फादर, पाद-फुट, पूर्ण-फुल.

आता डॉफ उघडा. 'डू' चा जोडीदार धातू धा. दधाति, म्हणजे ठेवतो. जुनापाना म्हणतात तसा इंग्रजी 'डू'चा जुना अर्थही ठेवणे हाच. 'ऑफ'चा जोडीदार उपसर्ग अप. म्हणजे एकेक अवयव घेतला तर डॉफ = अप + धा.

आपल्याकडे अप आणि धा एकत्र येऊन टोपी काढण्याचा शब्द काही झाला नाही. पण उलट्या बाजूचा झाला आणि तो आपण रोज वापरतो: परिधान. परि + धा, अंगाभोवती ठेवणे. लग्नाच्या वृत्तांतात 'वधूने जरतारी शालू परिधान केला होता' असं छापतात ना, तिथला धा आणि इंग्रजी डॉनमधला डू हे एकाच आजीची नातवंडं. निधान, विधान, समाधान, अंतर्धान, सगळीकडे तोच धा बसलाय. आणि एक मजेशीर म्हणजे पिधान. मूळ अपिधान, म्हणजे झाकण. पुढचा अ गळाला.

---

अंतराळवेडी

पिधान!! हा शब्द आम्ही आकाशनिरीक्षणवाले कायम वापरतो. चंद्र एखाद्या ताऱ्याच्या किंवा ग्रहाच्या पुढून गेला आणि त्याला झाकलं की 'पिधान युती'. २०१५ ते २०१८ या काळात चंद्राने रोहिणीला पुन्हा पुन्हा झाकलं, ती मालिकाच होती. चंद्राच्या अंधाऱ्या कडेपाशी तारा येतो आणि हळूहळू मंद वगैरे होत नाही, बटण बंद केल्यासारखा पटकन जातो. दुसऱ्या कडेने तसाच पटकन बाहेर. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्याच्या हातून तेवढ्यात पापणी मिटली तर संपलं.

शब्द झाकणाशी संबंधित आहे हे अंदाजाने कळायचं, पण तो परिधानाचा भाऊ आहे हे आज कळलं.

---

ॲमस्टेलवीनचा_वडापाव

'डू ऑन, डू ऑफ' हे ऐकायला विचित्र वाटत असेल तर नेदरलँड्समध्ये या. इथे अजून तसंच बोलतात. डच 'दून' म्हणजे इंग्रजी 'डू'च. कोट घालणे म्हणजे 'आनदून', चष्मा किंवा टोपी काढणे म्हणजे 'आफदून'. पाळणाघराच्या दारात सकाळ-संध्याकाळ दुसरं काही कानावर पडत नाही. तीन वर्षांची पोरं आणि त्यांचे मोजे, टोप्या, हातमोजे, गमबूट. इंग्रजांनी दोन शब्दांचं गाठोडं करून ते माळ्यावर टाकलं, डचांनी सुटंच ठेवलं आणि रोज वापरलं.

---

लालबागचा_बाब्या

जुनापाना, खऱ्या वापरात भेटलाय का विचारता? आमच्या चाळीत अर्ध्या बिऱ्हाडांचा पगार त्याच्यावर आला. डॉफर!

गिरणीत सूतकताईच्या खात्यात रिंग फ्रेम असते. लांबच लांब यंत्र, दोन्ही बाजूंना चात्यांची (फिरणाऱ्या उभ्या दांड्यांची) रांग, प्रत्येक चातीवर एक बाबीन. सूत गुंडाळत गुंडाळत बाबीन भरली की फ्रेम थांबवायची. मग भरलेल्या सगळ्या बाबिनी काढायच्या आणि रिकाम्या चढवायच्या. या काढण्याला म्हणतात डॉफ. काढणारा तो डॉफर. एका हाताने भरलेली उपटायची, दुसऱ्या हाताने रिकामी दाबायची, पुढची चाती. यात थांबायला जागा नाही, कारण फ्रेम बंद म्हणजे मालकाचं सूत बंद, आणि जॉबर (खात्याचा मुकादम) डोक्यावर उभा. जाड सूत असेल तर बाबीन लवकर भरते, म्हणजे डॉफही लवकर लवकर. बारीक सुताला जरा श्वास मिळतो. फ्रेम पुन्हा सुरू झाली की इकडे-तिकडे धागे तुटतात, ते जोडायचे. ते काम तारवाल्याचं. डॉफर म्हणजे त्याच्या खालची पायरी; गिरणीत नवा शिरलेला पोरगा पुष्कळदा तिथूनच वर चढायचा.

आजोबांच्या तोंडात 'डॉफ मारला', 'डॉफ पडला', 'डॉफाला चल' हे मराठीच होतं. हा शेक्सपिअरचा शब्द आहे असं त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, असेल, कुठल्या गिरणीत होता?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डॉफरचं काम सुरुवातीला पोरांचं होतं. बोटं बारीक, मजुरी कमी. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पोरांच्या कामाच्या वेळेवर पहिला कायदा आला १८८१ मध्ये. त्यात काय ठरलं? सात वर्षांखालच्यांना कामावर घ्यायचं नाही, आणि सात ते बारा वयाच्यांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. हा *सुधारणेचा* कायदा. त्याआधी काय असेल त्याचा विचार करा. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, आणि नऊ ते चौदाच्या पोरांना सात तास. तोवर नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना जमवून रविवारच्या सुट्टीसाठी आवाज उठवला होता.

---

निंबोणी

@बाब्या, अमेरिकेतही हुबेहूब हेच. लुईस हाइन नावाचा शाळामास्तर होता. १९०८ पासून तो बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी कॅमेरा घेऊन दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांत फिरला. त्याच्या फोटोंच्या खाली 'डॉफर' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. जॉर्जियातल्या मेकन गावच्या गिरणीतला, जानेवारी १९०९ चा फोटो सगळ्यात गाजलेला: दोन पोरं चालू यंत्रावर चढून उभी आहेत, कारण जमिनीवरून हात वरपर्यंत पोचत नाही. त्यातलं एक अनवाणी. हाइनने टीप लिहिलीय की काही पोरं इतकी लहान होती की तुटलेले धागे जोडायला आणि रिकाम्या बाबिनी बसवायला त्यांना फ्रेमवर चढावं लागायचं.

मालक आत येऊ देणार नाहीत म्हणून तो कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा बनून जायचा. पोरांची उंची मोजायला फूटपट्टी काढली तर संशय येणार, म्हणून स्वतःच्या कोटाची बटणं जमिनीपासून किती इंचांवर आहेत ते त्याने आधीच मोजून ठेवलं होतं. पोरगं शेजारी उभं राहिलं की कितव्या बटणापर्यंत येतं ते बघायचं आणि खिशात हात घालून आतल्या आत टिपून ठेवायचं.

बेलफास्टच्या लिनन गिरण्यांत डॉफर म्हणजे बहुधा मुली. तिथे सूत ओलं करून कातत, जमिनीवर सतत पाणी, त्यामुळे मुली अनवाणीच काम करायच्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईचा हुद्दाच 'डॉफिंग मिस्ट्रेस'.

---

इचलकरंजी_एक्सप्रेस

सूतगिरणीत मेंटेनन्सला आहे, म्हणून दोन शब्द.

बाब्यांनी सांगितलेला डॉफर म्हणजे माणूस. पण यंत्राच्या एका भागालाही डॉफर म्हणतात, आणि तो आधी येतो, कार्डिंगला, म्हणजे कापूस विंचरताना. पिंजलेला कापूस एका मोठ्या सिलिंडरवर बारीक तारांच्या दातांत अडकून फिरत असतो. त्याला चिकटून दुसरा लहान सिलिंडर, बराच सावकाश फिरणारा. तो मोठ्याच्या अंगावरून तंतू उतरवून घेतो. हा डॉफर. त्याच्यावर कापसाची पातळ, पारदर्शक जाळी तयार होते. हात लावला तर फाटेल अशी, फुंकर मारली तरी हलेल अशी. ती सोडवून गोळा केली, नळीतून ओढली की पेळू. जुन्या कार्डवर ती जाळी झटकायला डॉफर कोंब असायची, म्हणजे फणी, इतक्या वेगाने वर-खाली हलायची की डोळ्याला दिसायची नाही. आता तिथे रोलर आलेत. इथे 'अंगावरून उतरवणे' हा अर्थ अगदी जसाच्या तसा आहे, सिलिंडर कपडे काढतोय म्हणा हवं तर.

रिंग फ्रेमला आता ऑटो डॉफर असतात. हजाराच्या वर चात्यांची फ्रेम, लांब पट्टीवर बसवलेले चिमटे एकदम खाली येतात, सगळ्या बाबिनी एका झटक्यात उचलतात, रिकाम्या बसवतात. दोन-तीन मिनिटांत फ्रेम पुन्हा चालू. नवीन पोरांना 'डॉफ टाइम' म्हटलं की कळतं, 'डॉफर' म्हटलं की ते यंत्राकडे बोट करतात. माणूसही कधी डॉफर असायचा हे सांगावं लागतं. जुन्या फ्रेमा जिथे आहेत तिथे हाताने डॉफ करणाऱ्या बाया-पुरुष आजही आहेत, हेही लिहून ठेवतो.

---

चिकित्सक_चिकू

शब्द कसा चालत गेलाय बघा. राजाच्या सभेतून खेडवळांच्या तोंडी, तिथून गिरणीत, गिरणीतून लालबागच्या चाळीत. आणि आपण शोधतोय डिक्शनरीत.

बाय द वे, टोपी काढण्याचा मान इतका महत्त्वाचा का होता यावर कोणी लिहील का? आपल्याकडे तर उलटं. बोडक्या डोक्याने मोठ्यांपुढे जायचं नाही, देवापुढे तर नाहीच.

---

जुनापाना

@चिकू, मस्त प्रश्न. म्हणूनच मराठी माणसाला हे लोक पहिल्यांदा दिसले तेव्हा डोक्यावरचंच डोळ्यांत भरलं असावं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: टोपीकर. आपला मान पागोट्यात, आणि पागोटं काढून कोणाच्या पायांवर ठेवायचं म्हणजे सर्वस्व संपलं, आता तूच वाचव असं म्हणणं. त्यांच्यात तेच डोक्यावरचं काढणं म्हणजे रोजचा रामराम. आपण जोडे काढायचे, त्यांनी टोपी. कंपनीच्या काळात कचेऱ्यांत 'जोडे काढून आत या' यावरून जे तंटे झाले त्यांचं मूळ इथेच.

इंग्लंडात टोपी काढण्याचा हिशेब कडक होता. खालच्याने वरच्यापुढे काढायची, वरच्याने काढायची गरज नाही. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवलं की माणसापुढे टोपी काढणार नाही, फक्त प्रार्थनेत देवापुढे काढू. यावरून त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले.

सगळ्यात नामी किस्सा विल्यम पेनचा. हाच तो, ज्याच्या वडिलांच्या नावावरून पेनसिल्व्हेनिया. १६७० चा सप्टेंबर, लंडनचं ओल्ड बेली कोर्ट. रस्त्यावर प्रवचन करून बेकायदा जमाव जमवल्याचा आरोप, सोबत विल्यम मीड. दोघे आत येताना शिपायाने त्यांच्या टोप्या आधीच काढून घेतल्या होत्या. न्यायासनाला ते पटेना, कारण मग अपमान कसा सिद्ध होणार? हुकूम सुटला: यांच्या डोक्यावर टोप्या पुन्हा ठेवा. ठेवल्या. मग विचारलं, न्यायालयापुढे टोपी का काढत नाही? दोघांना चाळीस-चाळीस मार्क (पैशाचं जुनं एकक) दंड! पेन म्हणाला की टोप्या आम्ही घातल्याच नाहीत, तुमच्या हुकमाने घातल्या गेल्या, तेव्हा दंड व्हायचाच तर न्यायासनाला व्हावा.

पुढचं आणखी भारी. पंचांनी (म्हणजे ज्युरीने) त्यांना दोषी ठरवायला नकार दिला. पंचांना अन्नपाण्याविना कोंडलं, तरी ते हटेनात. शेवटी पंचांनाच दंड आणि तुरुंग. त्यांतला एडवर्ड बुशेल दंड न भरता वर दाद मागत गेला, आणि न्यायमूर्ती वॉन यांनी निकाल दिला की पंचांनी काय निर्णय दिला म्हणून त्यांना शिक्षा करता येणार नाही. इंग्रजी कायद्यातलं हे मोठं तत्त्व ज्या खटल्यातून आलं, त्याची सुरुवात दोन टोप्यांवरून झाली होती.

---

माजी_हवालदार

सलामीचं सांगतो. ब्रिटिश सैन्यात आधी शिपायाने अधिकाऱ्यापुढे टोपी काढायची पद्धत होती. १७४५ मध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्स पलटणीत हुकूम निघाला की अधिकारी समोरून गेला तर टोपी काढू नका, फक्त हात टोपीला लावा आणि झुका. हाताने ठोकायच्या सॅल्यूटची ही वाट. पूर्ण डॉफ बंद, अर्धा चालू.

---

खडूफळा

आणि आपण मराठीत 'हॅट्स ऑफ!' लिहितो, गेल्या दोन पिढ्यांत कोणाच्या घरात हॅट नसताना. 'मानाचा मुजरा'ला काय झालंय?

---

शब्दखोर

अवांतर, पण 'उघडणे'च्या जवळचं म्हणून दोन थेंब.

'डिटेक्ट' हा आता पोलिसांचा आणि लॅबवाल्यांचा शब्द. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता छप्पर काढणे, आच्छादन काढणे. तेगेरे म्हणजे झाकणे. त्याच घरातले कौलाला टाइल, गवती छपराला थॅच. आणि संस्कृतात स्थग्, झाकणे. त्यातून आपलं स्थगित. विधानसभा 'स्थगित' झाली म्हणजे मुळात झाकण पडलं. डिटेक्टिव्ह ते झाकण उघडणारा.

ग्रीकांकडे कालिप्तेइन म्हणजे झाकणे. त्याच्यापुढे 'अपो' लावलं (हा पुन्हा आपला अप!) की झाकण बाजूला. अपोकॅलिप्सचा मूळ अर्थ एवढाच, उघड होणे. जगबुडी त्याला बायबलच्या शेवटच्या पुस्तकामुळे चिकटली. याच शब्दातून युकॅलिप्टस, म्हणजे नीट झाकलेलं.

---

निंबोणी

@शब्दखोर, युकॅलिप्टस म्हणजे निलगिरीचं झाड नीट झाकलेलं कसं? त्याची तर सालसुद्धा सोलून लोंबत असते.

---

रोपवाटिका

सालीवर जाऊ नका, कळी बघा. निलगिरीच्या कळीला घट्ट बसलेली शंकूसारखी टोपी असते. आतले पुंकेसर फुगायला लागले की ती टोपी गोल कापल्यासारखी सुटते आणि खाली पडते, मग पांढऱ्या केसरांचा झुबका बाहेर येतो. बाकी फुलांत दिसतात तशा पाकळ्या त्याला नसतात, ती टोपीच त्यांच्या बदली. अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने या टोपीवरूनच नाव दिलं. नमुना ऑस्ट्रेलियातून कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत आलेला. फुलं येतात त्या दिवसांत झाडाखाली उभे राहा, पायाखाली टोप्यांचा सडा असतो. मूठभर उचलल्या तर हाताला तेलाचा वास येतो.

---

चिकित्सक_चिकू

म्हणजे डॉफ करणारं झाड. धागाकर्त्यांनी नोंद घ्यावी.

---

सिस्टर_रातराणी

उशिरा आले. जुनापानांनी विचारलंय 'खऱ्या वापरात' म्हणून सांगते. २०२० मध्ये आमच्या वॉर्डाच्या दोन टोकांना दोन पाट्या लागल्या. एकीवर 'डोनिंग', दुसरीवर 'डॉफिंग'. मामा-मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तेच बोलायचे. 'मावशी कुठायत?' 'डॉफिंगला गेल्यात.' कोणी अर्थ विचारला नाही, पाठ झाला.

बाहेरच्यांना वाटायचं की किट घालणं अवघड. तसं नाही. घालणं म्हणजे वैताग, धोका काढण्यात. घालताना सगळं स्वच्छ असतं. काढताना बाहेरची बाजू घाण, आतली स्वच्छ, आणि हात दोन्हीकडे जाणार. म्हणून क्रम. हातमोज्याचं टोक बाहेरून चिमटीत धरून उलटा करत सोलायचा. दुसऱ्या हाताचा मोजा काढताना उघडं बोट मनगटाच्या बाजूने आत घालायचं, बाहेरच्या भागाला लावायचं नाही. गाऊन खांद्यांपासून, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली. मध्ये मध्ये हात निर्जंतुक. चेहऱ्यावरचं सगळ्यात शेवटी, आणि एन-९५ चा पुढचा भाग अजिबात न धरता मागच्या पट्ट्यांनी: आधी खालची, मग वरची. सहा तास घामात निथळल्यावर डोकं म्हणत असतं, फाडून फेक. तेव्हाच सावकाश करायचं. समोर एक जण नुसती बघायला उभी असायची आणि क्रम चुकला की ओरडायची.

एक तक्रार करूनच जाते. ड्यूटी कागदावर सहा तासांची. घालायचा वेळ धरून आधी या, काढून अंघोळ करून मग जा, तो वेळ कोणाच्या खात्यात? आम्ही विचारलं तर उत्तर आलं की तुमचा पर्सनल टाइम. अंगावरून विषाणू उतरवणं पर्सनल!

---

अर्धवेळ_वकील

सिस्टर, अगदी हाच प्रश्न अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय, आणि तिथल्या कामगार कायद्यात या विषयाचं नावच 'डोनिंग अँड डॉफिंग' आहे.

१९५६ चा खटला बॅटरी कारखान्याचा. शिसं आणि ॲसिडमध्ये काम, त्यामुळे पाळी संपली की कपडे बदलणं आणि अंघोळ करणं भागच. कोर्ट म्हणालं, हे मुख्य कामाचाच अविभाज्य भाग, वेळ मोजा आणि पैसे द्या. २००५ मध्ये मांस कारखान्याचे कामगार आले. कापाकापीला साखळ्यांचे हातमोजे, ॲप्रन, शिरस्त्राण घालावं लागतं. कोर्टाने एकमताने सांगितलं की असं विशेष साहित्य एकदा चढवलं की तिथून कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळही कामाचाच.

पण २०१४ मध्ये पोलाद कामगार हरले. त्यांच्या बाबतीत युनियनच्या करारामुळे 'कपडे बदलण्याचा' वेळ वगळता येत होता, म्हणून सगळा वाद झाला तो 'कपडे' कशाला म्हणायचं यावर. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी कायदा झाला त्या काळचे शब्दकोश उघडले. निष्कर्ष: आगीपासून वाचवणारं जॅकेट, पँट, हेल्मेट, बूट हे कपडे, चष्मा, कानातली बोळी आणि श्वसनाचं यंत्र हे कपडे नव्हेत. मात्र बहुतेक वेळ कपड्यांतच जातो, म्हणून चष्मा-बोळ्यांची मिनिटं वेगळी काढत बसायची गरज नाही.

तुमच्या केसमध्ये बॅटरी कारखान्याचा निकाल सगळ्यात जवळचा. आपल्याकडे तो लागू नाही, पण युक्तिवाद उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

---

सिस्टर_रातराणी

प्रिंट काढून युनियनच्या ताईंना देते. मांसवाल्यांचं चालणंसुद्धा धरलं म्हणताय? आमचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि डॉफिंग तळमजल्यावर होतं, लिफ्ट फक्त पेशंटसाठी.

---

लालबागचा_बाब्या

ताई, जिने पण मोजा.